कोटीची बोली आणि करारातली बारीक अक्षरे

मानवतच्या बाजारात कापसाची गाडी लिलावाला उभी राहिली की व्यापारी आधी मूठभर कापूस ओढून पाहतो. धागा किती लांब, ओल किती, कवडी किती, याचा अंदाज घेतो आणि मग तोंडातून आकडा काढतो. भाव पटला नाही तर शेतकरी गाडी परत वळवू शकतो. भाड्याचा भुर्दंड पडतो, घरच्यांची बोलणी खावी लागतात, पण गाडी वळवण्याचा हक्क त्याचा असतो. त्यामुळे मानवत-पाथरी-सेलूच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला लिलाव म्हणजे काय, हे मुंबईच्या कोणी येऊन शिकवावे लागत नाही.

आणि म्हणूनच कबड्डीपटूंचा लिलाव टीव्हीवर चालू असताना या भागातल्या घराघरांत जो कुतूहलाचा माहोल असतो, त्यात एक प्रश्न हळूच डोके वर काढतो. ही जी बोली लागते आहे ती माणसावर. या माणसाला गाडी वळवता येते का?

प्रश्न घरचा आहे. जत्रा, उरूस, शिवजयंती, कुठलेही निमित्त असो, आपल्याकडे रात्रीच्या दिव्यांखाली कबड्डीचे सामने होतात आणि आसपासच्या दहा गावांतली पोरे तिथे जमतात. एकेकाळी यातला एखादा चांगला निघाला तर त्याची मजल जिल्हा संघापर्यंत, फार तर राज्य निवड चाचणीपर्यंत जाई. आता अलीकडच्या जिल्हावार युवा मालिकेत परभणीचे नाव लावलेला संघही उतरतो, आणि मैदानाच्या कडेला वही घेऊन बसलेला माणूस व्यावसायिक संघाचा निघू शकतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलापुढे करार येतो. घरात तो कोणी वाचायचा?

सुरुवातीपासून पाहू. प्रो कबड्डी लीग सुरू झाली २०१४ साली. त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली लागली राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजारांची. तेव्हा तो आकडाही डोळे विस्फारणारा होता, कारण कबड्डीपटूची कमाई म्हणजे रेल्वे, बँक, पोलीस किंवा एखाद्या कंपनीच्या संघातली नोकरी, एवढाच तोवरचा हिशेब होता. अवघ्या चार वर्षांनी, २०१८ च्या लिलावात, सहा खेळाडूंनी कोटीचा टप्पा गाठला. त्यात मुंबईचा रिशांक देवाडिगा होता, १ कोटी ११ लाखांचा. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. वर्तमानपत्रांत मथळे आले, पवनच्या नावापुढे किमतीची शेपटी लागली.

मथळ्यात जे येत नाही, ते त्याच लिलावाच्या पोटात होते.

दोन संघ, एकच थैली

लीगमध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्चाची कमाल मर्यादा असते. २०२३ साली ती ५ कोटी रुपये करण्यात आली. एवढ्यात किमान १८ खेळाडू बसवायचे. मालक कितीही गडगंज असला तरी थैली सर्वांची सारखीच. ही मर्यादा नसती तर एखाद्या धनवान मालकाने देशातले सारे चांगले चढाईपटू आपल्या दावणीला बांधले असते आणि लीग दोन वर्षांत कंटाळवाणी झाली असती. तसे झालेले नाही. पहिल्या १२ हंगामांत ८ वेगवेगळ्या संघांनी चषक उचलला आहे, हे या मर्यादेचेच फळ. तेव्हा मर्यादेला शिव्या देण्यात अर्थ नाही. ती कशी भरली जाते, ते पाहण्यासारखे आहे.

टायटन्सने पाच कोटींतले अर्ध्याहून अधिक पवनवर ओतले. उरले सुमारे २ कोटी ४० लाख. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलूई २ कोटी ३५ लाखांना घेतला. त्यांच्याकडे उरले २ कोटी ६५ लाख. म्हणजे दोन्ही संघांनी जवळजवळ सारखाच जुगार खेळला. एका माणसावर अर्धी थैली, बाकीच्या सतरा-अठरा जणांत उरलेली अर्धी. निकाल काय लागला? टायटन्सने २२ सामन्यांपैकी फक्त २ जिंकले आणि ते तळाला राहिले. पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवले.

पवन सेहरावत वाईट खेळला म्हणून टायटन्स बुडाले असे कोणी म्हणणार नाही. चढाई करून तो परत येई तेव्हा त्याच्या मागे सहा जण उभे असत, गोष्ट त्या सहा जणांची आहे. पलटणकडे शादलूईच्या भोवती अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे ही मुले होती. यातला एकही जण त्या वर्षीच्या लिलावात उभा नव्हता. संघाने त्यांना आधीच राखून ठेवले होते. पलटणने दोन-तीन वर्षे तरुण मुले हेरली, आपल्याकडच्या युवा पलटणच्या शिबिरांत घडवली, पराभव सोसले (२०२२ च्या अंतिम सामन्यात जयपूरकडून हार खाल्ली तीही याच पोरांच्या साथीने) आणि मग उरलेल्या पैशांतून एकच मोठा मासा गळाला लावला. संघ बांधण्याचे शास्त्र म्हणतात ते हेच. मोठी बोली सगळ्यांत शेवटी लावायची. घर आधी बांधायचे, झुंबर नंतर टांगायचे. टायटन्सने झुंबर आधी आणले.

पुढच्या वर्षी शादलूई २ कोटी ७ लाखांना हरयाणाकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला हरयाणाने चषक जिंकला, तेव्हा काही समालोचकांनी शादलूई हाच परीस असल्याचा निर्वाळा दिला. २०२५ ला गुजरातने त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख मोजले आणि चषक मात्र दबंग दिल्लीने नेला, तोही पुणेरी पलटणलाच ३१-२८ असे हरवून. परिसाला भोवताली थोडे लोखंड तरी चांगले लागते.

सुवर्णपदकानंतरचे दोन दिवस

आता याच नाण्याची दुसरी बाजू. ती आमच्या मते अधिक महत्त्वाची आहे, आणि क्रीडापानांवर तिची चर्चा फारशी होत नाही.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे भारताने इराणला हरवून आशियाई क्रीडा स्पर्धेतील कबड्डीचे सुवर्णपदक परत मिळवले. त्या भारतीय संघात महाराष्ट्राचे दोघे होते, अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे. बरोबर दोन दिवसांनी मुंबईत लीगचा लिलाव सुरू झाला. त्या सुवर्णपदक विजेत्या संघाचा कर्णधार पवन लिलावात होता, पराभूत इराणचा शादलूई लिलावात होता. दोघांनाही दोन कोटींच्या वर भाव आला. अस्लम आणि आकाश यांच्यावर कोणाला बोली लावता आली नाही, कारण ते राखलेल्या यादीत होते. गळ्यातल्या सुवर्णपदकाची चमक ताजी असताना बाजारात त्यांचा भाव काय आला असता, हे कधीच कळणार नाही.

व्यवस्था अशी आहे. नवखा मुलगा लिलावाबाहेर, थेट संघाशी करार करून येतो. लीगच्या भाषेत तो 'न्यू यंग प्लेअर'. पुढे काही हंगाम संघाला त्याला ठरलेल्या अटींवर राखून ठेवता येते. त्यानंतर तो लिलावात आला तरी 'फायनल बिड मॅच' नावाचे एक पत्ते संघाच्या हाती असते. दुसऱ्याने लावलेली शेवटची बोली जुन्या संघाने मान्य केली की खेळाडू जुन्याच दारात. खेळाडूला त्यात भाव तरी बाजाराचा मिळतो. राखलेल्या वर्षांत मात्र बाजार नसतोच. उभ्या पिकाचा सौदा आधी झालेला असावा आणि तोडणीला भाव चढावा, तशी ही गत. सौदा करणाऱ्याने बियाणे, खत पुरवले होते हे खरे. पलटणने या मुलांना शिकवले, खाऊपिऊ घातले, मोठ्या सामन्यांत उतरवले, हेही तितकेच खरे. संघाला त्याच्या कष्टाचा मोबदला मिळावा याबद्दल दुमत नाही. किती वर्षे मिळावा, एवढाच वाद आहे. कारण कबड्डीपटूची ऐन उमेदीची वर्षे फार तर आठ-दहा. त्यातली पहिली तीन स्वस्तात गेली तर उरलेल्या वर्षांवर सगळा भार येतो, आणि गुडघ्याला करारातले कलम वाचता येत नाही. अस्लमलाच २०२४ च्या हंगामात दुखापतीने बाहेर बसावे लागले. तो नसताना पलटणला बाद फेरी गाठता आली नाही.

एका चढाईपटूचा भावफलक

भाव कसा चढतो-उतरतो हे पाहायचे तर कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईचा आलेख समोर ठेवावा. २०१८ साली यू मुम्बाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. त्या एका हंगामात त्याने २०० हून अधिक गुण मिळवले. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाख दिले, त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. २०२१ ला १ कोटी ३० लाख. मग खांद्याने दगा दिला. २०२२ मध्ये त्याच संघाने त्याला २० लाखांना घेतले. २०२३ मध्ये हरयाणाने पुन्हा १ कोटी मोजले, आणि २०२४ ला दिल्लीने २६ लाख.

३६, १४५, १३०, २०, १००, २६. कापसाचा भावही असा उड्या मारत नाही. या आकड्यांत सिद्धार्थचा काही दोष शोधू नये. तो आपल्या परीने खेळला, पडला, उठला. पण अशा आकड्यांवर घराचे कर्ज काढता येते का, बहिणीचे लग्न ठरवता येते का, याचा विचार ज्याचा त्याने करावा. सरकारी नोकरीत पगार कमी असतो, पण पुढच्या वर्षीचा पगार या वर्षी ठाऊक असतो.

आणि सिद्धार्थ भाग्यवानच म्हणायचा. लीगच्या इतिहासात चढाईचे सर्वाधिक गुण ज्याच्या नावावर आहेत तो प्रदीप नरवाल, 'डुबकी'चा बादशहा. २०२१ ला त्याला उत्तर प्रदेशच्या संघाने १ कोटी ६५ लाखांना घेतले होते, तो तोवरचा उच्चांक होता. २०२५ च्या लिलावात त्याच्या नावावर एकही बोली आली नाही. थोड्याच दिवसांत त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच लिलावात एकेकाळचा कोटीवाला फजल अत्राचली ३० लाखांना दिल्लीकडे गेला आणि चषक घेऊन परतला. तेव्हा स्वस्त झालेला म्हातारा बैल निकामीच असतो असेही नाही. पण बाजार वय बघतो.

अमेरिकेत काय झाले

याच वाटेवरून एक खेळ आपल्या आधी गेला आहे. तो अमेरिकेतला, म्हणजे आपले पायाने खेळायचे फुटबॉल नव्हे, लांबुळका चेंडू काखोटीला मारून धावायचे आणि अंगावर अंग आदळायचे ते फुटबॉल. हाडे मोडण्याच्या बाबतीत कबड्डीचा थोरला भाऊच. तिथल्या एनएफएल या लीगमध्येही खर्चाची मर्यादा आहे. १९९४ साली ती लागू झाली तेव्हा संघामागे साडेतीन कोटी डॉलरच्या आत होती, २०२५ मध्ये सुमारे २८ कोटी डॉलर होती. संघात ५३ खेळाडू. तिथलेही हुशार संघचालक पलटणचाच मंत्र जपतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिॲटलचा संघ अजिंक्य ठरला तेव्हा त्याचा प्रमुख खेळाडू रसेल विल्सन नवखेपणाच्या करारावर होता. त्याचा त्या वर्षीचा पगार सव्वापाच लाख डॉलर, तर नावाजलेल्यांचे करार कोटी डॉलरांच्या घरातले. वाचलेल्या पैशांतून सिॲटलने बाकीची फळी उभी केली.

मग फरक काय? तिथे नवख्याचा करार किती वर्षांचा, मोकळा कधी होणार, खेळताना जायबंदी झाला तर त्या हंगामाच्या पगाराचे काय, हे मालकांनी एकट्याने ठरवलेले नाही. खेळाडूंची संघटना १९५६ पासून आहे. ती नेहमी जिंकली असे मात्र नाही. १९८७ साली खेळाडूंनी संप केला तेव्हा मालकांनी बाहेरचे खेळाडू आणून सामने चालवले आणि संप महिन्याभरातच कोसळला. संघटनेने मग न्यायालयाची पायरी धरली. १९९२ मध्ये मालकांच्या विरोधात निकाल लागला आणि १९९३ च्या समझोत्यात खेळाडूला ठरावीक वर्षांनंतर हव्या त्या संघात जाण्याची मोकळीक मिळाली. बदल्यात खेळाडूंनी खर्चाची मर्यादा मान्य केली. २०२० च्या समझोत्यानुसार तर लीगच्या एकूण उत्पन्नातला किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा ठरला आहे. मर्यादा वाढते ती उत्पन्न वाढते म्हणून, मालकाला दया येते म्हणून नव्हे.

आपल्याकडचा हिशेब मांडून पाहा. २०२१ मध्ये प्रो कबड्डीच्या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ९०८ कोटी रुपयांना गेले, म्हणजे हंगामाला १८१ कोटींच्या वर. घेणारी कंपनी स्टार, जी आयोजकांच्या कंपनीत मोठी भागीदारही होती. बारा संघांनी प्रत्येकी पाच कोटींची थैली पूर्ण रिकामी केली तरी सर्व खेळाडूंचे मिळून ६० कोटी होतात. केवळ प्रक्षेपणाच्या रकमेशी ताडले तरी हा वाटा तिसरा हिस्सा भरतो. तिकिटे, जाहिराती, संघांच्या अंगरख्यांवरची नावे यांचा पैसा यात धरलेलाच नाही. संघमालकांचेही प्रवास, हॉटेल, प्रशिक्षक, शिबिरे असे खर्च असतात आणि ते कमी नसतात, हे मान्य. पण ४८ टक्क्यांचा आकडा जिथे टेबलावर बसून ठरला, तसे टेबलच आपल्याकडे नाही. थैली चार कोटी चाळीस लाखांवरून पाच कोटी झाली ती खेळाडूंच्या कोणा प्रतिनिधीशी बोलणी होऊन झालेली नाही.

घरातले प्रश्न

तोवर वाचायचा करार आई-वडिलांनीच. मुलाचा हात मैदानावर कितीही चपळ असला तरी सही करताना तो थांबवावा आणि काही गोष्टी विचाराव्यात. करार किती हंगामांचा, आणि पुढचे हंगाम वाढवायचे की नाही हे कोण ठरवणार? संघाने राखले आणि मैदानात उतरवलेच नाही तर? सरावात गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा आणि बाकीच्या रकमेचे काय? गावच्या स्पर्धेत, जिल्हा संघातून खेळायला परवानगी आहे का? मधल्या माणसाने, जो सध्या 'मामा' म्हणवून घेतो, त्याचा टक्का किती आणि किती वर्षांचा? हे प्रश्न विचारल्याने संघ बिथरून निघून जाईल अशी भीती घालणारे भेटतील. चांगला संघ बिथरत नाही. आणि इंग्रजीतला करार असेल तर तालुक्याच्या कोर्टातल्या वकिलाची फी त्या कागदाच्या मानाने किरकोळच असते.

लीगची मूळ बोली हाही भुलवणारा आकडा आहे. सर्वांत खालच्या गटाची मूळ बोली ९ लाख, वरच्या गटाची ३० लाख. मूळ बोली म्हणजे हमीभाव नव्हे. हमीभावाला निदान सरकारी खरेदी केंद्र असते. मूळ बोलीला कोणी हात वर केला नाही तर त्या वर्षी खेळाडू घरीच. दर लिलावात कितीतरी नावे अशी पुकारली जातात आणि पुढे जातात.

मुलींचे तर आणखी वेगळे. आपल्या शाळांच्या मैदानांवर मुलींची कबड्डी मुलांइतकीच जोमात चालते, पण त्यांच्यासाठी २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर तीन संघांचे काही सामने झाले, त्यातल्या एका संघाची कर्णधार आपली अभिलाषा म्हात्रे होती. पुढे ते सामने झाले नाहीत. ज्यांना वाईट करार मिळतो त्यांच्याबद्दल आपण बोलतो आहोत, मुलींच्या हाती तेवढाही कागद आलेला नाही.

राहिला नोकरीचा प्रश्न. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण ते मिळते अधिकृत स्पर्धांच्या प्रमाणपत्रावर. लीगमधल्या टाळ्यांचे प्रमाणपत्र होत नाही. तेव्हा राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय स्पर्धा, विद्यापीठाचे सामने यांचे कागद जपून ठेवायला हवेत, आणि लीगच्या सरावासाठी ते सामने सोडायचे की नाहीत हेही करारावर सही करण्याआधीच ठरायला हवे. मानवत तालुक्यात पहाटे रस्त्यावर धावणारी जी पोरे दिसतात, त्यातली निम्मी पोलीस भरतीसाठी धावत असतात. शिपाई भरतीला खुल्या प्रवर्गासाठी वयाची अट २८ वर्षांची आहे, खेळाडूंना त्यात पाच वर्षांची सवलत मिळते. एकोणिसाव्या वर्षी तीन हंगामांचा करार केला, एक हंगाम दुखापतीत गेला, पुन्हा दोन हंगाम वाट पाहिली, की मुलगा पंचविशीत येतो आणि धावण्याचा सराव सुटलेला असतो. वर्षे मोजायची ती सही करण्याच्या आदल्या रात्री, भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरवून.